1959 साली रॉक अँड रोल मेलं नव्हतं

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. थोडक्यात तो असा: "3 फेब्रुवारी 1959 ला विमान पडलं आणि अमेरिकन रॉक अँड रोल संपलं. पुढची पाच वर्षं नुसती पोकळी. मधल्या काळात बीच बॉइज या गाणाऱ्या बँडची नक्कल करत किनाऱ्यावरच्या गोऱ्या पोरांनी शब्दांविना सोप्या धुना वाजवल्या, त्यालाच सर्फ म्युझिक म्हणतात. 1964 ला बीटल्स आले आणि तो पोरखेळ बंद पडला."

ही वर्षं माझ्या फार जवळची आहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

"रॉक अँड रोल संपलं." यामागच्या घटना खऱ्या आहेत. आयोवातल्या क्लिअर लेकजवळच्या त्या अपघातात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर गेले. एल्विस 1958 पासून दोन वर्षं लष्करात होता. लिटल रिचर्ड 1957 मध्येच धर्माकडे वळला होता, आणि जेरी ली लुईसला त्याचं वादग्रस्त लग्न भोवलं होतं. पण ही सगळी यादी गायकांची आहे. गायक नाही म्हणजे संगीत नाही, असं धरून चालल्यामुळे ती पोकळी दिसते. गिटारवाले कुठेच गेले नव्हते.

1958 मध्ये गिटारवादक लिंक रेची 'रंबल' ही धून आली. त्याला हवा तो फाटका, खरखरीत आवाज स्टुडिओत निघेना, म्हणून त्यानं पेन्सिलीनं अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला भोकं पाडली. त्या काळच्या बोलीत 'रंबल' म्हणजे पोरांच्या टोळ्यांची मारामारी. पोरं भडकतील या भीतीनं काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवणंच बंद केलं. एकही शब्द नसलेल्या रेकॉर्डवर बंदी! मेलेल्या संगीताला कोणी एवढं घाबरत नाही. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये ड्वेन एडीच्या गिटारला घुमारा हवा होता आणि स्टुडिओत त्याची सोय नव्हती. तेव्हा पाण्याची भलीमोठी रिकामी टाकी आणली, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. 'रेबेल राउझर' या धुनेतला तो खोल घुमारा त्या टाकीतून आलाय. पुढे 1960 मध्ये अमेरिकेतल्याच टकोमा शहरातल्या व्हेंचर्स या बँडनं 'वॉक, डोन्ट रन' वाजवली. जॅझ गिटारवादक जॉनी स्मिथची ही धून. व्हेंचर्समधले डॉन विल्सन आणि बॉब बोगल हे दोघे बांधकामावर काम करणारे. त्यांची रेकॉर्ड काढली ती डॉनच्या आईच्या मदतीनं उभ्या केलेल्या घरच्याच लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि तीही म्हणे पोकळीच्या ऐन मध्यावर.

"बीच बॉइजची नक्कल." इथे काळच उलटा लावलाय. सर्फ गिटारवादक डिक डेल 1961 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये वाजवत होता, त्याची 'लेट्स गो ट्रिपिन' त्याच वर्षी शरदात आली. बीच बॉइजची पहिली रेकॉर्ड आली वर्षअखेरीस. आणि 1963 च्या त्यांच्या 'सर्फिन यूएसए' अल्बममध्ये डेल वाजवायचा त्या दोन धुना आहेत: 'लेट्स गो ट्रिपिन' आणि 'मिसरलू'. बीच बॉइजचं मोठेपण त्यांच्या गळ्यांच्या मेळात आहे, त्याबद्दल वादच नाही. पण वाद्यसंगीतात ते मागून आले.

"सोप्या धुना, गोरी पोरं." हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. डेलचे वडील लेबनीज वंशाचे. लहानपणी घरात अरबी संगीत कानावर, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे. 'मिसरलू' ही पूर्व भूमध्य सागराकडची जुनी धून. नावाचा अर्थ 'इजिप्तची मुलगी'. ती त्यानं बेफाम वेगात, एकाच तारेवर नेली. मेंडोलिनवर एकच सूर अखंड थरथरत ठेवतात ना, तसं, पण जाड तारांवर आणि विजेच्या ताकदीनं. शिवाय तो डावखुरा. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, म्हणजे जाड तार खालच्या बाजूला. एकदा मेट्रोनोम लावून त्या धुनेच्या फक्त पहिल्या ओळी वाजवून बघा. अर्ध्या मिनिटात मनगट दगडासारखं होतं आणि प्लेक्ट्रमची, म्हणजे तारा छेडायच्या चकतीची, कड झिजून हातात येते. डेलनं गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडरचे अ‍ॅम्प्लिफायर एकामागून एक जाळले. शेवटी फेंडरला जास्त ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आणि पंधरा इंची स्पीकर घालून नवा बनवावा लागला. पुढच्या मोठ्या आवाजाच्या रॉकला त्याची मदत झाली. लिंक रे तर स्वतःला शॉनी या अमेरिकन आदिवासी वंशाचा म्हणवायचा.

शाळकरी पोरं होती हे मात्र खरं. 1963 मध्ये 'पाइपलाइन' चौथ्या आणि 'वाइपआउट' दुसऱ्या क्रमांकावर नेणारे शँटेज आणि सर्फारिज हे बँड कोवळेच होते. त्यात वाईट काय? 'पाइपलाइन'मधला तो ओला, लाटेसारखा परतणारा आवाज ऐका. रिव्हर्बच्या, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या, पेटीत लांब स्प्रिंगा असतात. गिटारचा आवाज त्यांतून थरथरत जातो आणि मागे रेंगाळतो. त्या उपकरणाचा स्वभाव ओळखून त्या पोरांनी धून बांधली.

"बीटल्सनी बंद पाडलं." 1964 नंतर अमेरिकेत गाणारे बँड पुढे आले, सर्फची लाट ओसरली, हे कबूल. पण त्याच 1964 च्या उन्हाळ्यात व्हेंचर्सनी 'वॉक, डोन्ट रन' नव्यानं, सर्फच्या ढंगात वाजवली आणि ती आठव्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षी ते जपानला गेले, तर तिथल्या तरुणांत इलेक्ट्रिक गिटारचं वेडच पसरलं.

आणि खुद्द बीटल्स? जून 1961 मध्ये हॅम्बुर्गला त्यांनी एक धून रेकॉर्ड केली, 'क्राय फॉर अ शॅडो'. जॉर्ज हॅरिसन आणि जॉन लेनन, दोघांची मिळून. ब्रिटनच्या शॅडोज या वाद्यवृंदाच्या वळणाची, पुढे गिटार, आणि शब्द एकही नाही.