एमसी म्हणजे सरसकट भारी, असं नाही

रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिजवरच्या (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग) लेखात ‘मूव्हिंग कॉइल (एमसी) नेहमीच सरस’ म्हटलंय, ते अर्धवट आहे. मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएममध्ये सुईच्या दांडीला चुंबक असतो, कॉइल स्थिर; सिग्नल 3 ते 5 मिलिव्होल्ट. एमसीत दांडीवर कॉइलच, म्हणून वेढे मोजके आणि सिग्नल बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. एमसी साध्या एमएम फोनोला (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायरचा भाग) जोडलीत तर गाणं पुटपुटल्यासारखं, आवाज चढवला की नुसती घरघर. शिवाय एमएमची सुई घरी ओढून बदलता येते; बहुतेक एमसीत सुई झिजली की अख्खी कार्ट्रिजच बदलायला किंवा दुरुस्तीला द्यावी लागते.

आणि सुईचं रेकॉर्डवरचं वजन! बऱ्याच एमएमना 1.5 ते 2 ग्रॅम लागतं. कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते, हा गैरसमज. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र साधारण 3 मिलचीच (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, एलपीची बारीक सुई तळाचा कचरा वाजवते.