सात सात्ते एकोणपन्नास

ती फिल्म मी लावलेली नाही. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मागच्या सीटवरच्या डागांसकट काचेवरची फिल्मही आली. वाहतूक पोलिसाला हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने एकच विचारलं, "गाडी आता कोणाच्या नावावर आहे?"

मी जरा अभ्यास दाखवायला गेलो. मोटार वाहन नियम १९८९, नियम १००: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून ५०. पोलीस म्हणाला, "ते काचेचं. फिल्मचं काय?" आणि इथे तो बरोबर होता, हे जास्त झोंबलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ही टक्केवारी कारखान्यातून येणाऱ्या काचेची. वरून फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो.

मी पावतीला तयार होतो. तेवढ्यात मागच्या स्कूटरवरून एक काका उतरले. हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहिल्यासारखा आनंद.

"मोजलंत का?" त्यांनी पोलिसाला विचारलं.

"काय?"

"उजेड. त्याचं मीटर असतं."

"काळी दिसतेय की समोर."

"तुम्ही गॉगल लावलाय."

पोलिसाने गॉगल काढला. काचेकडे पाहिलं. आवाज थोडा खाली आला. "करडी आहे. पण फिल्म आहे."

काकांनी मला न विचारता मागचं दार उघडलं, आत बसले आणि दार लावून घेतलं. आतून काहीतरी बोलले, बाहेर ऐकू आलं नाही. मग काच बोटभर खाली करून ओरडले, "मी दिसतो का?"

"दिसता."

"किती?"

पोलीस खरोखर विचारात पडला. "असाल... अर्धे."

"म्हणजे पन्नास टक्के! सोडा त्यांना."

मला वकील मिळाला होता, तोही फुकट. पण फुकटचा वकील प्रामाणिक निघाला की संपलंच. काकांना काचेच्या कोपऱ्यात फिल्मचं जुनं लेबल सापडलं: ७०. "मूळ काच सत्तरची धरू," ते आतूनच म्हणाले, "त्यावर ही सत्तरची. बेरीज नसते हो, गुणाकार असतो. सात सात्ते एकोणपन्नास." थांबले. माझ्याकडे कीव करून पाहिलं. "एका टक्क्याने गेलात तुम्ही."

तरी त्यांनी शेवटचा बाण सोडला. २०२१ पासून नियमात प्लास्टिकचा थर असलेल्या काचेला जागा आहे आणि २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने टक्केवारीत बसणाऱ्या फिल्मला मोकळीक दिली आहे.

"हे केरळ आहे का?" पोलीस म्हणाला.

याच सुमारास शेजारून एक मोठी गाडी गेली. काचा अशा, की आत माणूस आहे की बोकड, कळू नये. झेड प्लस सुरक्षावाल्यांना फिल्मची सूट आहे, मान्य. पण या गाडीच्या मागे-पुढे सुरक्षा सोडा, सायकलसुद्धा नव्हती. पोलीस ताठ उभा राहिला. आत कोण आहे ते दिसत नव्हतं, म्हणूनच बहुधा. मी बोट दाखवलं, तर म्हणाला, "तुम्ही तुमचं बघा." आमच्या काचेतून आम्ही अर्धे दिसलो, हाच आमचा गुन्हा.

मग फिल्म काढायची होती, तिथेच. पोलिसाने नखाने एक कोपरा उचलून दिला, बाकी मी ओढली. ती आली पट्ट्यापट्ट्यांनी; डिंक राहिला काचेवर. घरी पोचेपर्यंत त्यावर एवढी धूळ बसली की डावीकडचा आरसा दिसेना. आता त्या काचेतून तीस टक्केसुद्धा उजेड येत नसेल. पण फिल्म नाही.

फिल्म निघेपर्यंत काका मात्र मागे बसूनच होते. ते उतरल्यावर, आपल्या स्कूटरचं नो-पार्किंगचं चलान बघून, पहिल्यांदा गप्प झाले.