शेत पुन्हा कुणी पेरायचे?

रविवारी संध्याकाळी साताऱ्यातल्या आमच्या कट्ट्यावर बापूच्या भाच्याने लॅपटॉप उघडला आणि तिथेच वादाला तोंड फुटले. पडद्यावर ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग सुरू होता. बापूने तो थोडा वेळ मुकाट्याने पाहिला आणि म्हणाला, “हा आपला खेळ नव्हे. नाव तेवढे तेच ठेवले आहे.”

या म्हणण्यामागे काय आहे, हे आम्हा जुन्या मंडळींना ठाऊक होते. ज्या पायऱ्यांवर आम्ही बसतो, त्यांच्या मागच्या गाळ्यात 2002 च्या सुमारास सायबर कॅफे होता. तासाला 20 रुपये पडत आणि आम्ही चौघे पैसे जमवून शेजारशेजारच्या चार संगणकांवर एकाच पक्षाने खेळत असू. अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओज या संस्थेने घडवलेला आणि मायक्रोसॉफ्टने 1999 साली बाजारात आणलेला तो खेळ पुढच्याच वर्षीच्या ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीसह आमच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा त्यात 18 संस्कृती, म्हणजे ज्यांच्यापैकी एक निवडून खेळायचे असे लोकसमूह, होत्या. लाकूड, अन्न, सोने आणि दगड जमवायचे, एका युगातून पुढच्या युगात जायचे, किल्ला बांधायचा आणि मग शत्रूवर चालून जायचे, एवढीच त्याची रूपरेषा. पण नकाशा ‘ब्लॅक फॉरेस्ट’चा असला की घनदाट झाडीतल्या अरुंद वाटा तटबंदीने बुजवून आम्ही तासन्‌तास आपापली राज्ये फुलवत असू. लाकूड संपले की 4 आकडा दाबून एंटर मारायचे, म्हणजे मित्राच्या संगणकातून लाकडाची याचना ऐकू जायची, आणि 11 दाबले की ते हसू, जे आजही कानात आहे.

बापूची तक्रार मात्र अगदी नेमकी होती. तो म्हणाला, “मूळ खेळात शेताचा कस संपला की 60 लाकडे खर्चून ते हाताने पुन्हा पेरावे लागे. कॉन्करर्समध्ये गिरणीवर आगाऊ पेरणीची सोय झाली, तीही मला थोडी खटकली होती. आता तर शेत आपोआप पेरले जाते. सीमेवर लढाई पेटलेली असताना ज्याला आपले शेत आठवायचे, तोच जिंकायचा. तेच काढून घेतले तर राहिले काय?” बापूच्या घरी अजूनही जुना संगणक आणि जुनी सीडी आहे. त्या खेळात त्याने आजवर काही बदलू दिलेले नाही आणि प्रेम करायचे तर असे करावे, असे त्याचे म्हणणे आहे.

भाचा एकोणीस वर्षांचा आहे. तो कॅफे त्याने पाहिलेला नाही, आणि मला त्या संध्याकाळी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. तो शांतपणे म्हणाला, “मामा, शेताकडचे लक्ष सुटले ना, ते दुसरीकडे लागते.” मग त्याने ‘अरेबिया’च्या उघड्या नकाशावरचा त्याचा एक डाव दाखवला. पहिल्याच मिनिटांत मेंढ्या हुडकायच्या, गावकऱ्याने रानडुकराला बाण मारून त्याला आपल्या मागे टाउन सेंटरपर्यंत, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीपर्यंत, पळवत आणायचे, घोडेस्वाराने हरणे हाकलत घराजवळ आणायची, आणि हे चालू असतानाच शत्रूच्या लाकूडतोड्यांवर छापा घालायचा. आम्ही या वयात हरणाला हाकलता येते हेसुद्धा जाणत नव्हतो. हा केवळ आठवणींचा खेळ असता, तर ज्याला त्या आठवणीच नाहीत असा मुलगा रात्री जागून तो शिकला नसता.

मी बापूला माझी एक आठवण सांगितली. 2010 च्या सुमारास मी नव्या संगणकावर ही सीडी घातली तेव्हा गवत तांबडे आणि पाणी जांभळे दिसू लागले; नव्या संगणकप्रणालीला जुन्या खेळाची रंगांची मांडणी उमगत नव्हती. ज्या संस्थेने खेळ घडवला ती 2009 च्या आरंभीच मायक्रोसॉफ्टने बंद केली होती, त्यामुळे दाद मागायची कुणाकडे हाच प्रश्न होता. मला उपाय सांगितला तो कुठल्याशा देशातल्या एका अनोळखी खेळाडूने, कोणताही मोबदला न मागता: पडद्यावरच्या फाइली आणि खालची पट्टी सांभाळणारा ‘एक्सप्लोरर’ खेळ सुरू करण्यापूर्वी बंद करायचा. पुढे कळले की अशी माणसे जगभर विखुरलेली होती. एकमेकांशी खेळण्याची जुनी सोय बंद झाल्यावर ती ‘वूब्ली’ या मंचावर जमली होती, तिथे त्यांनी क्रमवारी चालवली होती आणि ‘यूजरपॅच’ नावाची दुरुस्ती रचून जुना खेळ नव्या, रुंद पडद्यांवर नीट चालता केला होता. बापूची सीडी त्याच्या जुन्या संगणकाबरोबर जगली आहे. तो संगणक बिघडला की तिचे आयुष्य संपणार. या माणसांनी खेळाला हात लावला म्हणून तो भाच्याच्या लॅपटॉपपर्यंत आला.

“दुरुस्ती वेगळी आणि भर वेगळी,” बापू म्हणाला, आणि त्याचा हा मुद्दा मला टाळता येत नव्हता. कारण चाहते दुरुस्तीवर थांबले नाहीत. 2012 च्या अखेरीस त्यांच्यातल्याच काही जणांनी ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ नावाची स्वतःची पुरवणी प्रसिद्ध केली आणि तीत पाच नव्या संस्कृती घातल्या, ज्यांत भारतीयही होते. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तीच पुरवणी अधिकृत केली आणि छंद म्हणून काम करणाऱ्या या मंडळींचा पुढे त्याच नावाचा स्टुडिओ झाला. 2019 मध्ये नव्या रूपातला खेळ आला तेव्हा 18 च्या 35 संस्कृती झाल्या होत्या आणि 2022 मध्ये 42.

इथे गुरुजींनी तोंड उघडले. ते आमच्यातले इतिहासाचे शिक्षक. वर्गात असोत वा कट्ट्यावर, सनावळीशिवाय बोलत नाहीत. त्यांना बापूचे म्हणणे मुळातच मान्य नव्हते. ते म्हणाले, “कॅफेत आपण मंगोल व्हायचो, बायझंटाइन व्हायचो, जपानी व्हायचो. मध्ययुगाच्या त्या नकाशावर आपण कुठेच नव्हतो आणि त्या वयात आपल्याला त्याचे काही वाटलेही नाही. 2013 मध्ये आलो ते सगळा देश एका ‘भारतीय’ नावाखाली कोंबून आलो. 2022 च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने ती चूक सुधारली. हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती झाल्या, राजेंद्र चोळाची मोहीम, म्हणजे त्याच्या लढाया ओळीने खेळत जायची गोष्ट, आली, पाल राजा देवपालाची आली, बाबराची आली. दार फोडायच्या ओंडक्याच्या जागी चिलखत घातलेला हत्ती आला. आधी चाहत्यांनी भारताला त्या नकाशावर घातले नसते, तर ही सुधारणा कुठून झाली असती?” राजेंद्राची मोहीम गुरुजी उन्हाळी सुटीत खेळले होते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

भाच्याने विचारले, “मग मराठे का नाहीत?” गुरुजी म्हणाले की खेळाचा पट सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा आहे आणि महाराजांचा जन्म 1630 चा, म्हणून त्याविषयी त्यांची तक्रार नाही, पण अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये ज्यांच्यावर चालून आला ते देवगिरीचे यादव या पटात अगदी चपखल बसतात आणि त्यांची मोहीम कुणी तरी रचली पाहिजे. खेळातच मोहिमा रचण्याची सोय आहे, तेव्हा हे काम आपल्यापैकी कुणीही करू शकतो, असे मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो.

बापूला नेमके हेच हवे होते. “बघा, एकदा बदलायला लागलो की अंत नाही,” असे म्हणून त्याने 2025 चे उदाहरण काढले. चीनवरच्या पुरवणीत वेई, शू आणि वू ही तिसऱ्या शतकातली तीन राज्ये घातली तेव्हा कित्येक जुने खेळाडू संतापले होते, कारण मध्ययुगाच्या खेळात ती बसत नाहीत आणि राज्य म्हणजे संस्कृतीही नव्हे. त्या बाबतीत मी बापूच्या बाजूने आहे. तिथे खेळाची स्वतःची मर्यादा मोडली गेली. पण तो आक्षेप ज्यांनी घेतला ते जुन्या सीडीला कवटाळून बसलेले लोक नव्हते. वर्षानुवर्षे खेळणारे, नकाशे रचणारे, नव्या खेळाडूंना शिकवणारे लोक होते. शेत आपोआप पेरले जाण्याविरुद्ध त्यांनी रान उठवले नाही. काय बदलले तरी चालेल आणि काय बदलता कामा नये, हे त्यांना हाताने काम करून कळले आहे.

भाच्याने मग ‘हिडन कप’ची माहिती दिली. त्या स्पर्धेत जगातले अव्वल खेळाडू खरी नावे लपवून ऐतिहासिक व्यक्तींच्या नावांनी खेळतात, आणि पाहणारे केवळ कोणी कुठे घर बांधले, कोणी घोडेस्वार कसे वळवले, यावरून ओळखायचा प्रयत्न करतात की हा नॉर्वेचा ‘द वायपर’ असेल की आणखी कुणी. गायकाचे नाव न सांगता नुसत्या तानेवरून घराणे ओळखावे तसे हे आहे, असे गुरुजी म्हणाले. 2022 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात या खेळाची स्पर्धा भरली होती, हे ऐकून बापू प्रथमच गप्प झाला. पडद्यावर एवढे किल्ले बांधलेल्या माणसाला ती गोष्ट भिडली असावी.

त्याचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. निघताना तो एवढेच म्हणाला की पुढच्या रविवारी आपण चौघे भाच्याच्या बाजूने खेळू, नकाशा ब्लॅक फॉरेस्टचा असेल आणि जुन्या 18 बाहेरची संस्कृती कुणी घेणार नाही. गुरुजींनी द्रविडांसाठी थोडी ओढाताण केली आणि अखेर बायझंटाइनांवर तडजोड केली. भाच्याने सांगितले की गिरणीवरची आपोआप पेरणीची सोय ज्याला नको असेल त्याला बंद करता येते. बापूने ती नेमकी कुठून बंद करायची, हे त्याला दोनदा विचारून घेतले.