भाडं कमी नाही करणार, गाळा रिकामा ठेवू

शनिवारी बऱ्याच महिन्यांनी थर्ड स्ट्रीट प्रॉमेनाडवर गेले, म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकातल्या, फक्त पायी फिरायच्या बाजाराच्या रस्त्यावर. 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या मोजायला लागले आणि दुसऱ्या चौकापर्यंत येता येता नाद सोडला. काचांना आतून कागद चिकटवलेले, दारात वाळकी पानं. समुद्र तिथून फक्त दोन गल्ल्यांवर, हवा मस्त, आणि रस्त्यावर शुकशुकाट.

२००१ च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला इथेच आणलं होतं. पाचवारी साडी आणि पायात माझे स्पोर्ट्स शूज. झुडपं कातरून केलेला डायनोसॉर आणि त्याच्या तोंडातून पडणारी पाण्याची धार बघत तासभर बसली. मग हळूच विचारलं, "काय गं, काही घ्यायचं नसलं तरी बसू देतात का इथे?"

बसू देत होते. तीच तर त्या जागेची गंमत होती.

विल्शायर रस्त्यापासून ब्रॉडवेपर्यंतचे हे तीन ब्लॉक १९६५ साली गाड्यांना बंद केले. काही वर्षं बरी गेली, मग रया गेली. १९८० मध्ये शेजारीच प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक गेहरीने आखलेला बंदिस्त मॉल उघडला. १९८९ साली नगरपालिकेने रस्ता नव्याने उभा केला. त्यात एक हुशारी अशी की डाउनटाउनमध्ये नवी थिएटर्स काढायची तर इथेच, असा नियम केला. सिनेमा सुटला की माणसं रस्त्यावर, पोटात भूक, समोर गाणारे-नाचणारे. पुढे गंमत बघा, शेजारच्या बंदिस्त मॉलनेच छप्पर उतरवलं आणि २०१० मध्ये तो उघड्यावरचा मॉल होऊन परत आला!

पण गर्दी वाढली तशी भाडी वाढली. मिडनाइट स्पेशल नावाचं पुस्तकांचं दुकान होतं, राजकारणाच्या पुस्तकांसाठी नावाजलेलं. २००३ मध्ये भाडं झेपेना म्हणून तिथून उठलं. अशी दुकानं गेली आणि त्यांच्या जागी आले कुठल्याही शहरात दिसतील असे कपड्यांचे ब्रँड. आमच्या ग्रुपवर सगळे ऑनलाइन खरेदीला, कोविडला, बेघरांना आणि २०२० च्या लुटालुटीला दोष देतात. त्यात तथ्य नाही असं नाही. पण जे दुकान घरबसल्या फोनवरही उघडता येतं, तेच तुम्ही रस्त्यावर आणून ठेवलंत, तर माणूस पार्किंगचे पैसे भरून येईल कशाला?

आणि गाळे रिकामे असूनही मालक भाडं उतरवत का नाहीत? एक कारण आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ पासून 'प्रॉप १३' हा मालमत्ता कराचा कायदा आहे. मालमत्ता विकली जात नाही तोवर करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढते. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी इमारत घेतली, त्याला ती रिकामी ठेवणं तुलनेने स्वस्तच पडतं. उलट भाडं उतरवलं तर भाड्यावरून धरलेली इमारतीची कागदावरची किंमत उतरते. मग बसतात वाट बघत, कोणीतरी मोठा ब्रँड येईल म्हणून. (पागडीवाल्या चाळीत वाढलेल्या मला मालकाचा दोष काढायची सवयच आहे, हे मान्य.)

२०२५ पासून तिथे दारूचा ग्लास हातात घेऊन रस्त्यावर फिरायची मुभा दिली आहे. ठीक आहे, प्यायला माणसं येतीलही. पण माझ्या मते दोन गाळे वर्षभर नाममात्र भाड्याने एखाद्या पुस्तकवाल्याला, एखाद्या नाटकवाल्या पोरांना देऊन बघा की!

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने लगेच ओळखलं. "ते पुस्तकांचं दुकान दाखव ना, मी बाहेर बसले होते बघ." मी म्हटलं थांब, आणि फोन धरून दोन गल्ल्या चालत जाऊन तिला समुद्र दाखवला.