हातचा एक

संध्याकाळी दादरला डोंबिवली फास्ट पकडली की माणसाचे दोन्ही हात अडकतात: एक वरच्या कडीला, दुसरा पाकिटावर. अशा माणसाला कुणीही काहीही ऐकवावं. आमच्या डब्यातले एक काका मला संख्या ऐकवतात.

"१२३४५६७८९८७६५४३२१!" एवढं म्हणेपर्यंत कुर्ला येतं. "आता उलटी वाचा, तीच येते." उलटी वाचतो हो, पण माझी हनुवटी समोरच्याच्या सॅकवर टेकलेली, सुलटी वाचायचीही पंचाईत.

संख्येशी माझं वैर नाही. घरंदाज आहे ती. नऊ एक शेजारी शेजारी मांडायचे आणि १११११११११ चा वर्ग करायचा. गुणाकारात एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत खाली उतरतात. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन, अगदी मधल्यात नऊ, आणि तिथून ओहोटी. हातचा कुठेच नाही. हे सगळं काका चौथ्या सीटवर अर्धे लटकून, माझ्या शर्टाच्या बटणांवर बोट ठेवत समजावतात. माझ्या शर्टाला बटणं सात. मधल्या नवापर्यंत उरलेल्या दोन रकान्यांसाठी ते शेजारच्याचा शर्ट घेतात.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागही जातो. अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. ("ही मूळ संख्या आहे बरं का!" हे घाटकोपरला, ओरडून. दारातली चार डोकी मागे वळतात.) एकूण विभाजक ४५. आता ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! अशीला कापरेकर संख्या म्हणतात. इथे काकांचा गळा दाटतो. द. रा. कापरेकर, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. १२१, १२३२१ या खानदानाला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं ते डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेम्लो, स्टेशनवरून. कल्पना तिथे सुचली म्हणून. आम्हाला त्या स्टेशनात चप्पल सांभाळण्यापलीकडे आजवर काही सुचलेलं नाही.

भास्कराचार्यांच्या मोजणीत सतराव्या घराला 'मध्य' म्हणतात. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून ती मध्य रेल्वेचीच, पश्चिमवाल्यांनी हात लावायचा नाही, असा काकांचा दावा.

ठाण्याला गर्दी जरा हलली. मी सरकणार, तोच दारातल्या एका कॉलेजकुमारानं विचारलं, "काका, दहा एक घेतले तर?"

काका उभेच राहिले. चौथी सीट सोडून! "शाब्बास! मधल्या रकान्यात दहा झाले. हातचा एक आला, की पुढच्या नवाचे दहा, पुन्हा हातचा, आणि आठाचा झाला नऊ! १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गेला कुठे, सांग!"

अर्धा डबा बोटांवर मोजायला लागला. मागून कुणीतरी खेकसलं, "काका, हातचा नंतर घ्या, आधी पाय काढा! डोंबिवली आली!"