रिकामा सर्व्हर म्हणे वीज खात नाही!

मामा आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे संचालक आहेत. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "नऊ जुने सर्व्हर काढून दोन नवे घ्यायचा ठराव आम्ही फेटाळतोय. तू डेटा सेंटरमध्ये कामाला, आणि ही लूट आम्हाला फॉरवर्डवरून कळावी?" तो फॉरवर्ड माझ्या महाप्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलाय. तिथे सगळे हसले आणि विषय संपला. मामांनी मात्र त्याची प्रिंट काढून सभेच्या विषयपत्रिकेला जोडलीय. म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं असं: सर्व्हरची नवी चिप, म्हणजे प्रोसेसर, ३६० वॅटची, जुनी १३० ची, म्हणजे बिल तिप्पट. काम नसेल तेव्हा सर्व्हर वीज खात नाही, तेव्हा जुने राहू द्या. खरा खर्च एसीचा. प्लॅटिनम शिक्क्याचा पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज सर्व्हरला हवी तशी करून देणारा भाग) म्हणजे नुसता मुलामा. आणि गूगल-मायक्रोसॉफ्टसुद्धा सर्व्हर सहा वर्षं वापरतात.

यातलं सगळ्यात अचाट वाक्य म्हणजे 'काम नसेल तेव्हा वीज खात नाही'. अहो, सर्व्हर म्हणजे काय ट्यूबलाइट आहे? काम असो-नसो, त्याचे पंखे फिरतात, डिस्क फिरतात, मेमरी सतत ताजी करत राहावी लागते, आणि पॉवर सप्लाय स्वतःचा हिस्सा उष्णतेत घालवतो. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी २००७ मध्ये लेख लिहिला. त्यात पाच हजारांहून जास्त सर्व्हरची सहा महिन्यांची आकडेवारी आहे. बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्केच कामात होते. आणि चांगला, काटकसरी म्हणवणारा सर्व्हरही जवळपास काहीच करत नसताना पूर्ण भाराच्या निम्मी वीज खातो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. तेव्हापासून चिपा रिकाम्या वेळी पेंगायला बऱ्यापैकी शिकल्या आहेत, हे खरं. पण मग रिकामं राहून जास्त खाणारा कोण ठरला? जुनाच.

तरी मामांना पटेना. म्हणून गेल्या शनिवारी गावी गेलो. सर्व्हर रूममध्ये खालच्या रांगेत एका सर्व्हरवर चिकटपट्टीने कागद लावलेला: 'बंद करू नये'. का, ते कुणालाच माहीत नाही. लावणारे साहेब केव्हाच निवृत्त झाले. त्याला दोन पॉवर सप्लाय. आधी एकाच्या वायरीत वॉटमीटर घातला, मग दुसऱ्याची वायर काढली, म्हणजे सगळा भार मीटरवरून जाईल. आकडा आला १६८ वॅट. आणि सर्व्हरवर काम? प्रोसेसर एक टक्क्यालाही पोचत नव्हता. एक वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. १६८ चे झाले १४७२ युनिट. दहा रुपये युनिट धरा, १४,७०० रुपये. कागद सांभाळायचे! शिवाय ती उष्णता बाहेर फेकायला एसी राबतो, ते वेगळंच. असे तिथे नऊ आहेत.

आता ३६० वॅटचं. आकडे खरे आहेत, लबाडी पुढे आहे. इंटेल कंपनीची २०१३ ची झिऑन ई५-२६९० व्ही२ ही चिप १३० वॅटची, पण दहा कोअरची; कोअर म्हणजे चिपेतला स्वतंत्रपणे काम करणारा गडी. एएमडी कंपनीची नवी एपिक ९६५४ चिप ३६० वॅटची, पण कोअर ९६. तेवढे कोअर जुन्या चिपांनी भरायचे तर जवळजवळ दहा चिपा, म्हणजे साडेबाराशे वॅट. वर नवा कोअर जुन्याच्या मानाने कितीतरी जास्त काम उरकतो. एसटीचं डिझेल स्कूटरपेक्षा जास्त, म्हणून पन्नास स्कूटरी घेणार का? मामांना ९६ कोअर लागतही नाहीत, लहान चिपेत त्यांचं सगळं बसेल. मात्र एक मान्य: नवे आणून जुने तसेच चालू ठेवले, तर बिल वाढणारच. आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं.

एसीबद्दल इतकंच, की सर्व्हरने खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो, आणि एसी तीच उपसत बसतो. सर्व्हरचं खाणं कमी करा, एसीचं आपोआप उतरेल. आणि मामांच्या पतसंस्थेत तो १६ अंशांवर कशाला? सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी अ‍ॅशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था १८ ते २७ अंशांची शिफारस करते. पतसंस्थेत मात्र शिपाई स्वेटर घालून बसतो.

प्लॅटिनमचा शिक्का मिळायला २३० व्होल्टवर निम्म्या भाराला ९४ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते, म्हणजे घेतलेल्या विजेतली ९४ टक्के सर्व्हरला पोचवावी लागते. मुलामा म्हणणाऱ्याने आपल्या जुन्या सप्लायचा आकडा सांगावा.

राहता राहिलं सहा वर्षांचं. ते खरंय, नाइलाजाने कबूल करतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये सर्व्हरचं आयुष्य हिशेबात चारवरून सहा वर्षांवर नेलं. दर तीन वर्षांनी बदलाच म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला हा आकडा जरूर ऐकवा. पण मामा, तुमचे सर्व्हर २०१३ चे आहेत.

तो कागदवाला सर्व्हर त्या शनिवारीच, बॅकअप घेऊन, व्यवस्थापकांसमोर बंद केला. आज सहावा दिवस. अजून एकाही शाखेतून फोन आलेला नाही. कागद मामांनी खिशात ठेवलाय, सभेत दाखवायला.