पुतिन दिल्लीत, खटला रामबागेत

रविवारी सकाळी रामबागेत पोह्यांवर जिरावण भुरभुरता भुरभुरता काकांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. आमच्या इंदुरी मराठी ग्रुपवर आठवडाभर फिरणारा तोच मेसेज: पुतिन यांच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट आहे, ते कुठल्याही देशात उतरले की अटक बंधनकारक, डिसेंबर २०२५मध्ये भारताने त्यांना सोडलं, आता भारतावर खटला भरणार.

वॉरंट खरं आहे. १७ मार्च २०२३ला निघालं, युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. पुढचं सगळं हवेत.

'कुठल्याही देशात' नव्हे. अटकेचं बंधन रोम संविधी, म्हणजे हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं तो, मान्य केलेल्या सव्वाशेएक देशांवर आहे. भारताने तिच्यावर सहीसुद्धा केलेली नाही. अमेरिकाही सदस्य नाही, म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये पुतिन अलास्कात ट्रम्प यांना भेटून सुखरूप परतले. काका, जो भिशीतच नाही त्याच्याकडून हप्ता चुकल्याचा दंड कोण घेणार?

भारतावर खटला? हे न्यायालय माणसांवर खटले चालवतं, देशांवर नाही. देशांचे तंटे ऐकणारं न्यायालय वेगळं, तेही हेगमध्येच. मेसेजवाल्याने दोघांची खिचडी केली.

"म्हणजे वॉरंट नुसता कागदच की," काका म्हणाले. (मधेच पोहेवाला: "भिया, सेंव और?")

तसंही नाही. २०२३ची ब्रिक्स परिषद जोहान्सबर्गला होती. दक्षिण आफ्रिका सदस्य, त्यामुळे पुतिन गेलेच नाहीत. त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गेले, पुतिन व्हिडिओवरून बोलले. यजमानांचेही हात आधी पोळलेले. २०१५मध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर, तेही वॉरंटवाले, तिथे आले होते. त्यांना देश सोडू देऊ नका, असा प्रिटोरियाच्या न्यायालयाचा आदेश असताना त्यांचं विमान लष्करी तळावरून उडालं आणि सरकारची शोभा झाली. उलट मंगोलिया सदस्य असूनही २०२४मध्ये पुतिन तिथे पाहुणचार घेऊन आले. न्यायालयाने मंगोलियावर ठपका ठेवला, पण धरायला त्याच्याकडे स्वतःचा एक शिपाई नाही.

खुर्ची गेली की गणित बदलतं. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५मध्ये हाँगकाँगहून मनिलाला उतरले आणि स्वतःच्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना याच न्यायालयाच्या वॉरंटवरून धरून हेगला पाठवलं.

काकांनी गुपचूप ग्रुप उघडला, आपला मेसेज दाबून धरला. पाठवून पाच दिवस झाले होते. 'सगळ्यांसाठी डिलीट' आता येईना.